उडी मारणारा कुत्रा मालकी गाजवत नसतो

गेल्या पंधरवड्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज तीनदा फिरला. 'कुत्रा अंगावर उडी मारतो म्हणजे तो स्वतःला घराचा मालक समजतो. त्याला त्याची जागा दाखवा. छातीत गुडघा घाला, पुढचे पंजे दाबून धरा, नाहीतर मागच्या पायावर पाय द्या. तीन दिवसांत सवय मोडते. गावठी कुत्र्याला प्रेमाची भाषा कळत नाही.' खाली अंगठ्यांची रांग. आमच्या शेजाऱ्यांनी हे करून पाहिलं, म्हणून लिहायला बसले.

आधी ते मालकीचं. लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो आणि कुत्र्यालाही तेच हवं असतं, अशी ही समजूत. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये ती मांडली, तीही स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहून. डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. पुढे याच मीच यांनी रानातले लांडगे कित्येक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच ती खोडून काढली. कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर आजही लांडगे आहेत. आई शिकारीवरून परतली की लांडग्याची पिल्लं उड्या मारत तिच्या तोंडाचे कोपरे चाटतात, मग ती पोटातलं खाणं त्यांच्यापुढे ओकते. कुत्र्याचं पिल्लूही आपल्या तोंडाशी पोचायला असंच धडपडतं. आपलं तोंड पाच फुटांवर, म्हणून उडी. त्यात हुकूमत कुठून आली?

आता गुडघा. शेजारचा शेरू दीड वर्षाचा, पांढऱ्या पंजांचा. फाटकाची कडी वाजली की अंगणभर नाचायचा. गुडघ्याचा प्रयोग सुरू झाल्यावर आठवड्यात उडी थांबली, हे खरं. मागच्या गुरुवारी मी तिथंच उभी होते. कडी वाजली. शेरू उठला, दोन पावलं पुढं आला, कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेली आणि तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. मालकांनी हात पुढे केला तर त्याचा वरचा ओठ थरथरला. फाटक वाजलं की दुखतं, एवढंच तो शिकला होता. असाच कुत्रा पुढं एखाद्या पाहुण्याला चावतो, आणि मग 'भरवशाचं जनावर नाही' म्हणून त्यालाच बाहेर काढतात. फार वाईट वाटतं हो हे बघताना.

मागच्या पायाची बोटं चपलेखाली मोडू शकतात. पंजे दाबून धरलेला कुत्रा नंतर नखं कापायलाही पंजा देत नाही. शिवाय जनावराला मारणं, लाथ घालणं, विनाकारण वेदना देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

तीन दिवसांचं तर विसराच. आजवर उडी मारली की लाड व्हायचे. उडी मारताच पाठ फिरवून ते थांबवले की कुत्रा आधी जास्त जोरात उड्या मारतो, कारण पूर्वी त्यानं काम व्हायचं. इथंच लोक हार मानतात. आणि घरात चौघांनी पाठ फिरवली, पण एकट्या मामांनी 'ये रे माझ्या राजा' म्हणून कुरवाळलं, तर सवय आणखी घट्ट होते. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाची आशा सुटत नाही.

नुसती पाठ फिरवूनही भागत नाही. उडीऐवजी काय करायचं ते शिकवावं लागतं. आमच्याकडे फाटकाशी एक डबा असतो, त्यात कडक भाकरीचे नखाएवढे तुकडे. चारही पाय जमिनीवर असताना तुकडा खाली, त्याच्या पंजांजवळ टाकायचा. वरून हातात दाखवला तर तो उडीच मारणार. मग 'बस' शिकवायचं आणि बसल्यावरच लाड. पाहुणे आले की सुरुवातीला पट्टा हातात ठेवायचा. शेंगाचटणी लावलेला तुकडा मात्र नको, तिच्यातला लसूण कुत्र्याला घातक असतो.

राहता राहिली गावठी कुत्री. आमची राणी रस्त्यावरचीच, घरी आली तेव्हा चारेक वर्षांची होती. आज सासूबाई देवळातून आल्या की ती उंबऱ्याशी बसून शेपटीनं फरशी झाडते. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना आता तिची भीती वाटत नाही.

परवा शेरूच्या मालकांना तसाच डबा भरून दिला. आत येताना तुकडे टाका, हात लावू नका, त्याला आपणहून येऊ द्या, एवढंच सांगितलं. काल तो टाकीमागून निघून अंगणाच्या मध्यापर्यंत आला होता.