कुलपात बर्फ? नागपुरात?

फिरत असलेला मेसेज थोडक्यात असा: "ई-सायकलचं बॅटरी लॉक अडकलं? मेकॅनिकला पैसे देऊ नका!" खाली पाच उपाय. चावी लायटरवर लाल करून घाला किंवा कुलपावर उकळतं पाणी ओता, म्हणजे आतला गोठलेला भाग सुटतो. खोबरेल तेल सोडा. तरीही नाही उघडलं तर स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवा. घाबरू नका, बॅटरीत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) असतो आणि सरकारी चाचणी झालेली असते. आणि शेवटचं, सगळ्या ई-सायकलींची चावी एकच असते, शेजाऱ्याची लावून बघा. मग हात जोडलेले इमोजी आणि "सर्वांना पाठवा".

लोकांनी पाठवला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला, मी सोडून दिला. पण परवा भर दुपारी काकूंचा फोन: "अरे, तुझे काकाजी पानी उकळून राह्यले. सायकलच्या कुलपात टाकतो म्हणतात. टाकू देऊ काय?" मे महिना, बाहेर वाफ निघते आहे, आणि आमचे काकाजी कुलपातला बर्फ वितळवायला निघालेले. म्हणून हे लिहितो आहे.

हा पहिला उपाय थंड देशातला आहे, हे उघड दिसतं. तिकडे सायकल रात्रभर हिमात उभी राहते, कुलपात शिरलेलं पाणी गोठतं, चावी जराशी गरम करून घातली की बर्फ सुटतो. तिथे ते बरोबरच आहे. पण हवामान खात्याच्या नोंदीत नागपूरचं सर्वांत कमी तापमान ३.५ अंश आहे, २९ डिसेंबर २०१८ चं. म्हणजे इथल्या सगळ्यात कडाक्याच्या रात्रीही पारा शून्याखाली गेला नाही. उलट बाजूचा आकडा ४७.९, २३ मे २०१३. (मे २०२४ मधला ५६ अंशांचा आकडा कुणी काढेल, तर तो रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या सेन्सरचा होता. तोही असाच फिरला होता.) तेव्हा गोठलेला भाग कुठला, हे मेसेजवाल्यानेच दाखवावं.

आपल्याकडे मे महिन्यात नेमकं उलटं होतं. बॅटरीची पेटी प्लॅस्टिकची, फ्रेम ॲल्युमिनियमची. प्लॅस्टिक तापल्यावर ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त फुगतं. पेटी साधारण ४० सेंटिमीटर लांब धरा आणि ती उन्हात ३० अंशांनी जास्त तापली असं धरा, तर दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. कुलपाची पिन ज्या भोकात बसते तिथे तेवढी जागा नसते. पिन दाबली जाते, चावी हलत नाही. अशा वेळी त्यात आणखी उष्णता ओतायची? सायकल सावलीत घ्या आणि तासभर थांबा, बास.

आता लायटर. चावी लाल होते म्हणजे ती सहा-सातशे अंशांच्या घरात असते. स्वस्त कुलपांचा गाभा बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, तो चारशेच्या आतच वितळतो. त्याच्या मागे पातळ प्लॅस्टिकची भिंत आणि भिंतीपलीकडे लिथियमच्या सेल. या सेलचं तापमानाशी नातं काय, ते मेसेज लिहिणाऱ्याने नाही तर सेल बनवणाऱ्याने सांगितलेलं ऐकावं. पॅनासोनिकच्या एनसीआर १८६५० बी या प्रसिद्ध सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंग ० ते ४५ अंशांत आणि साठवण जास्तीत जास्त ५० अंशांपर्यंत, असं स्पष्ट छापलेलं आहे. आत धन आणि ऋण भाग वेगळे ठेवणारा जो पडदा असतो, तो पॉलिथिनचा असेल तर १३० अंशांच्या आसपास वितळतो. तो गेला की दोन्ही भाग आतच भिडतात, आणि ती आग फुंकून विझत नाही.

किटलीभर उकळत्या पाण्याने लगेच स्फोट होईल असं मी म्हणत नाही. पण पाणी खाली जातं. बऱ्याच पेट्यांत सायकलला वीज देणाऱ्या धातूच्या पट्ट्या खालच्याच टोकाला असतात. पावसाचे शिंतोडे सोसायला पेटी बनवलेली असते, चावीच्या भोकातून ओतलेला लोंढा सोसायला नाही.

खोबरेल तेलाबद्दल एवढंच: डिसेंबरात तुमच्या न्हाणीघरातली बाटली आठवा. २४ अंशांखाली ते घट्ट होतं. नागपुरात कुलपात काही गोठलंच, तर ते हेच तेल असेल. उन्हाळ्यात ते सिमेंट रोडची धूळ धरून ठेवतं. तेल लावल्यावर चावी त्या दिवशी फिरते, हे मात्र खरं आहे, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एक फवारा त्याहून बरा, पण धूळ त्यावरही बसते. चावीवर मऊ पेन्सिल घासा, चार-पाचदा आत-बाहेर करा. पेन्सिलीच्या शिश्याची (ग्राफाइटची) भुकटी कुलपात ओतू मात्र नका, तिच्यातून वीज वाहते आणि शेजारी बॅटरी आहे.

स्क्रू ड्रायव्हर ठोकणे. नको. ३६ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी ४२ व्होल्ट देते. त्याने माणसाला सहसा काही होत नाही, पण दोन पट्ट्यांवर आडवं पातं पडलं की ते तिथेच चिकटतं, ठिणग्या उडतात. सेलला भोक पडलं तर वर सांगितलेलं सगळं लायटरशिवाय घडतं.

बीएमएस असतो, हे अर्धं खरं. तो जादा चार्ज, जादा करंट, शॉर्ट सर्किट यांवर वीज तोडतो. सेल बाहेरून तापली किंवा फुटली तर तिच्या आत काय चाललंय, ते तो थांबवू शकत नाही. आणि सरकारी चाचणी? २०२२ मधल्या स्कूटरच्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं, ते नंबर प्लेटवाल्या गाड्यांसाठी. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी ई-सायकल मोटार वाहनातच मोडत नाही, म्हणजे ते मानक तिला लागू नाही.

शेजाऱ्याच्या चावीबद्दल वाद नको. कधी लागतेही, पण अर्धवट शिरून तुटली तर आधीचा प्रश्न बरा होता. चावीवर किंवा तिच्या टॅगवर नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

काकाजींना फोनवर सांगितलं ते असं: आधी सायकल सावलीत. मग एका हाताने बॅटरी फ्रेमकडे घट्ट दाबा, म्हणजे पिनवरचा ताण जाईल. चावी पूर्ण आत ढकला, काही कुलपांत ती दाबूनच फिरते. दाब न सोडता हळूच फिरवा. "दाबायची? मी तर ओढून राह्यलो होतो," काकाजी. सगळेच ओढतात, आणि ओढल्याने पिन आणखी अडकते.

चावी फिरते पण पिन मागे येत नाही, असं असेल तर कुलपाच्या मागचा स्क्रू ढिला झालेला असू शकतो, ते काम दुकानात. तोवर घाई कसली? बहुतेक ई-सायकलींचं चार्जिंगचं भोक पेटीवरच, बाहेरच्या बाजूला असतं. बॅटरी न काढता सायकलवरच चार्ज होते, फक्त ती उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका.