फुकट नेलेलं गाणं, फुकट दिलेलं गाणं

परवा आमच्या शिकागोतल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी निरोप टाकला होता. गुरुवारी संध्याकाळी साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याची मैफल आहे, तिकीट नाही, कोण कोण येतंय? पाच-सहा अंगठे आले. मग एकाने लिहिलं, 'फुकट आहे म्हणजे कोणी हौशी मंडळी असणार.' त्याखाली दुसऱ्याचं, 'तो भाग बरा नाही रे, संध्याकाळचं कशाला?' दोघेही माझे जवळचे आहेत, अडीअडचणीला धावून येणारे आहेत. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि जमेना. म्हणून हे इथे, सविस्तर.

२१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू. दुमजली, अरुंद, बाहेरून पाहिलं तर एखाद्या जुन्या दुकानासारखी इमारत. १९५७ पासून पुढची जवळजवळ दहा वर्षं इथे ब्लूजच्या तबकड्या काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीचं ऑफिस होतं आणि वरच्या मजल्यावर स्टुडिओ. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर, एटा जेम्स, चक बेरी, कोको टेलर ही सगळी नावाजलेली गाणारी-वाजवणारी माणसं त्या जिन्याने वर गेलेली आहेत. १९६४ च्या जून महिन्यात रोलिंग स्टोन्स हा बँड, त्यातली मंडळी इंग्लंडहून इथे येऊन रेकॉर्डिंग करून गेले, कारण त्यांच्या लेखी हे देऊळ होतं. त्यांनी आपल्या बँडचं नावच मुळी मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेलं. आज इथे चेससाठी गाणी लिहिणारे विली डिक्सन यांनी स्थापन केलेली ब्लूज हेवन फाउंडेशन ही संस्था आहे, आणि इमारतीला लागून असलेल्या छोट्याशा बागेत ती उन्हाळ्यात मोफत मैफली भरवते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबा म्हणजे लालबागचा साचेवाला, कापड गिरणीत माग चालवणारा माणूस. कोकणातून सोळाव्या वर्षी मुंबईत आले, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपले, गिरणीत लागले आणि १९८२ च्या संपानंतर परत कधी गिरणीत गेले नाहीत. त्यांना शिकागोत काय दाखवायचं हा प्रश्नच होता. उंच इमारती बघून झाल्या, तळं बघून झालं. मी म्हटलं, बाबा, चला, गाणं ऐकायला जाऊ.

बाबा चाळीच्या भजन मंडळात पखवाज वाजवायचे. त्यामुळे बसल्या बसल्या त्यांचं लक्ष ड्रम वाजवणाऱ्याच्या हाताकडे गेलं आणि तिथेच राहिलं. गाणाऱ्याने एक ओळ म्हटली. तीच ओळ पुन्हा म्हटली. मग तिसरी ओळ आली, पहिल्या दोन ओळींना उत्तर देणारी, आणि बाजूच्या मंडळींनी मान डोलावली. प्रत्येक ओळीनंतर गायक थोडा थांबायचा आणि त्या रिकाम्या जागेत माउथऑर्गनवाला त्याला जाब दिल्यासारखा वाजवायचा. दोन-तीन गाणी झाल्यावर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, ही तर बारी चाललीय!"

ज्यांनी कोकणातली डबलबारी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दोन भजनी बुवा समोरासमोर, एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलायचं, मागे सूर धरायला झीलकरी. बाबांना इंग्रजी गाण्याचा एक शब्द कळत नव्हता, पण ओळ दुसऱ्यांदा का म्हणतात ते लगेच कळलं. "पुढचं सुचायला वेळ मिळतो," म्हणाले. आणि ते खरंच आहे. बारा मात्रांच्या नव्हे, बारा घरांच्या त्या चौकटीत, ज्याला हे लोक ट्वेल्व्ह-बार म्हणतात, पहिली ओळ दोनदा येते ती ऐकणाऱ्याच्या मनात ठसावी म्हणून, आणि गाणाऱ्याला तिसरी ओळ तिथल्या तिथे रचता यावी म्हणूनही. शेतात राबताना एकाने ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी उचलायची, या सवयीतून ती चाल आलेली आहे. चुरशीचं म्हणाल तर मडी वॉटर्स, जिमी रॉजर्स आणि लिटल वॉल्टर तरुणपणी शिकागोतल्या क्लबांत जाऊन तिथल्या वादकांना वाजवून हरवायचे आणि स्वतःला हेडहंटर्स म्हणवून घ्यायचे.

सुराचंही एक सांगतो. मी लहानपणी पेटी शिकलो. ब्लूजमधला जो गंधार काळजाला हात घालतो तो माझ्या पेटीवर नाही. तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मधे कुठेतरी डोलत राहतो. पेटी आणि माउथऑर्गन, दोन्ही वाद्यं रीडचीच. पण पेटीला भाता आहे आणि माउथऑर्गनला माणसाचा श्वास. श्वास आत ओढताना तोंडाचा आकार बदलून तो माणूस सूर खाली वाकवतो. त्या गुरुवारी मी तीन हातांवरून ते पाहिलं आणि मला माझ्या गुरुजींची आठवण आली. ते नेहमी सांगायचे की पट्ट्यांच्या मधल्या जागा गळ्यानेच भरायच्या असतात.

आता फुकटाचं.

मडी वॉटर्सचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हॉल नावाचा कापसाचा मळा आहे, तिथे तो वाढला. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं जमवत तिथे पोचले आणि त्यांनी त्याच्या झोपडीत त्याचं गाणं मुद्रित केलं. पुढे त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि २० डॉलरचा चेक आला. मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा, तासाला साडेबावीस सेंट. पंचवीस मागितले तर मुकादम अंगावर आला. १९४३ च्या मे महिन्यात त्याने गाडी पकडली आणि शिकागो गाठलं.

एकटा तोच नव्हे. १९१० साली शिकागोत कृष्णवर्णीय माणसं ४४ हजार होती. १९७० साली ११ लाख. दक्षिणेतल्या अर्ध्या वाट्याच्या शेतीत कर्ज कधी फिटायचं नाही, वर जमावाच्या हिंसेची भीती सतत डोक्यावर. 'शिकागो डिफेंडर' हे वर्तमानपत्र रेल्वेतले पोर्टर लपवून दक्षिणेत न्यायचे आणि त्यातून लोकांना कळायचं की उत्तरेत काम आहे. इलिनॉय सेंट्रल रेल्वे मिसिसिपीतून सरळ इथे यायची आणि तिचं स्टेशन होतं बाराव्या रस्त्यावर, म्हणजे ही बाग जिथे आहे तिथून जेमतेम मैलभर. ते स्टेशन आता नाही, १९७४ साली पाडलं. पण कधी तिकडून चालत या. गाठोडं घेऊन उतरलेला माणूस आणि त्याच्या गाण्याची तबकडी जिथे निघाली ती जागा, यांच्यात वीस मिनिटांचं अंतर आहे.

शहरात आल्यावर राहायचं कुठे? गोऱ्या वस्त्यांतल्या घरांच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असायचं की कृष्णवर्णीयाला विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. असे करार न्यायालयाने राबवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितलं. तोवर साउथ साइडच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात सगळी वस्ती कोंबलेली. एका फ्लॅटचे पाच-सहा तुकडे पाडायचे, एका खोलीत एक कुटुंब, संडास सगळ्यांना मिळून एक. हे मी बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या खोलीत अठरा माणसं राहायची.

आणि हे गाणं विजेवर गेलं ते याच गजबजाटामुळे. मळ्यावरच्या ओट्यावर साधी गिटार पुरायची. इथल्या दारूच्या गुत्त्यात शनिवारी रात्री पगार झालेली शंभर माणसं एकदम बोलत असायची. गिटार ऐकूच येईना, तेव्हा १९४४ साली मडी वॉटर्सने इलेक्ट्रिक गिटार घेतली. पुढचं सगळं रॉक संगीत त्या आवाजातून निघालं.

विली डिक्सनही मिसिसिपीचेच, व्हिक्सबर्गचे. १९३६ साली शिकागोत आले, मुष्टियोद्धा म्हणून बक्षीसं मिळवली, दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले. जो देश मला माणसाचे हक्क देत नाही त्याच्यासाठी बंदूक का उचलू, ही त्यांची भूमिका. पुढे चेसमध्ये बास वाजवला, दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं बसवली आणि शेकडो गाणी लिहिली. मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांची जी गाणी जगाला पाठ आहेत त्यांतली कितीतरी डिक्सन यांची. इंग्लंडच्या बँडनी ती उचलली, त्यावर गडगंज झाले. त्यांतल्याच लेड झेपेलिन या बँडच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात स्वतःच्या ओळी सापडल्यावर डिक्सन यांना १९८५ साली कोर्टात जावं लागलं, १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याआधी स्वतःच्या गाण्यांच्या हिशेबासाठी प्रकाशन कंपनीशी झगडा केला होता, तो वेगळाच.

म्हणून त्यांनी ब्लूज हेवन काढलं. गाणाऱ्यांना आपल्या हक्काचे पैसे कसे मागायचे ते समजावून द्यायचं, आजारपणाला मदत करायची, पोरांना शिष्यवृत्ती द्यायची, शाळांना वाद्यं द्यायची. १९९२ साली ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी मेरी डिक्सन यांनी हीच चेसची इमारत विकत घेतली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ज्या घरात आपल्या नवऱ्याने घाम गाळला आणि हिशेब पुरता मिळाला नाही, ते घरच तिने गाणाऱ्यांच्या नावावर केलं.

आता सांगा, इथल्या बागेत बसून ऐकलेल्या गाण्याला 'फुकट आहे, म्हणजे दर्जा काय असणार' म्हणायचं? हे गाणं अर्धं शतक फुकट नेलं गेलं. आज तीच माणसं, त्यांची मुलं, त्यांचे शिष्य ते आपल्या हाताने वाटताहेत, आणि दाराशी तिकीट ठेवत नाहीत, कारण ज्या वस्तीतून ते आलं त्या वस्तीला तिकीट परवडलं नसतं. हा त्यांचा निर्णय आहे, आणि मला तो दिलदार वाटतो. जून महिन्यातला शहराचा ब्लूज फेस्टिव्हलही १९८४ पासून असाच विनातिकीट चालतो. दुसरीकडे, मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून जो ब्लूजचा महोत्सव भरू लागला, त्याच्या पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय वाजवायला गेला होता. माझ्या मित्राने तिकीट काढून तो ऐकला आणि महिनाभर दुसरा विषय काढला नाही. आपण त्याच्या गावात राहून अंगठा दाखवून मोकळे होतो.

'तो भाग बरा नाही' याबद्दल मला जास्त वाईट वाटलं. या शहरात वीस-वीस वर्षं काढलेली आपली माणसं आहेत, ज्यांनी साउथ साइड फक्त बातम्यांत पाहिलं आहे. काळजी घ्यावी, कुठल्याही मोठ्या शहरात घ्यावीच. पण ही बाग मकॉर्मिक प्लेसपासून चालत जाण्याएवढी जवळ आहे, जिथे आपण कामाच्या परिषदांना गळ्यात पट्टे अडकवून बिनधास्त जातो. भीती अंतराची नाही, माणसांच्या रंगाची आहे, आणि ते आपल्याच माणसांत आपल्याच भाषेत बोलायला हवं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून, एकाही जहाजात पाय न ठेवता, त्यांना या माणसांचं दुःख आपलं वाटलं. आणि आपण त्यांच्याच शहरात घरं घेऊन त्यांच्या गल्लीत जायला बिचकतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, पृथ्वीवरचे निवडक आवाज घेऊन. तिच्यावर चेसने काढलेलं चक बेरीचं गाणं आहे. तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवी. आणि केसरबाईंचं गाणं संपलं की लगेच पुढचा आवाज आहे टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनचा. त्याने १९२७ साली ते ध्वनिमुद्रण केलं. त्यात शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि तारेवर घसरत जाणारी गिटार. घर जळल्यावर दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून तो जळक्या घरातच राहिला आणि १९४५ साली तापाने गेला. कलावंतिणीच्या घरात जन्मलेली आपली बाई आणि हा आंधळा माणूस, शेजारी शेजारी, सूर्यमालेच्या बाहेर चालले आहेत. केसरबाई १९७७ च्याच सप्टेंबरात गेल्या, व्हॉयेजर यानं उडाल्यानंतर काही दिवसांनी. ती भैरवी संपून ती गुणगुण सुरू होते तो क्षण मी कितीतरी वेळा ऐकला आहे. एकदा लागोपाठ ऐकून बघा. दोन्हीकडे तोच वाकवलेला सूर.

त्या संध्याकाळी मैफल संपल्यावर बाबा उठून पुढे गेले. मला वाटलं हात मिळवायला. तर त्यांनी खिशातून वीस डॉलरची नोट काढली, आधी कपाळाला लावली आणि ड्रमवाल्याच्या हातात दिली. डबलबारीत पखवाजीला बक्षीस देतात तसं, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. तो माणूस साठीचा असेल. त्याने नोट घेतली, बाबांनी केलं होतं तशीच स्वतःच्या कपाळाला लावली आणि दोघे हसले. मग त्याने काठ्या बाबांच्या हातात दिल्या. बाबांनी त्या खाली ठेवल्या आणि बोटांनी ड्रमवर भजनी ठेका धरला.

या गुरुवारी आम्ही जातोय. बाबा पुन्हा आले आहेत. ग्रीन लाइनच्या सर्मॅक-मकॉर्मिक प्लेस स्टेशनबाहेर साडेपाचला थांबतो. घडीच्या दोन खुर्च्या जास्तीच्या आणतोय.