डॉक्टरांकडे जायचंच असेल तर सेकंड ओपिनियन म्हणून जा

रात्रीचे दोन वाजलेत, डाव्या डोळ्याची खालची पापणी मघापासून फडफडतेय आणि घरात सगळे ढाराढूर झोपलेत. अशा वेळी मागच्या पिढीतला माणूस कूस बदलून झोपून जायचा, बिचाऱ्याकडे दुसरं होतंच काय. तुमच्याकडे आहे. उशीखालचा मोबाईल काढा, ब्राइटनेस कमी करायच्या भानगडीत पडू नका आणि 'पापणी फडफडण्याची कारणे' असं टाका. पहिल्याच उत्तरात येईल की अपुरी झोप, थकवा, ताण, जास्त चहाकॉफी, बहुतेक वेळा काही दिवसात आपोआप थांबतं. यावर अजिबात समाधान मानू नका. एवढ्याशा कारणासाठी कोणी रात्री दोनला उठून बसतं का? खाली स्क्रोल करत रहा. चौथ्यापाचव्या लिंकपासून मज्जासंस्थेचे आजार सुरू होतात, आठव्या लिंकपर्यंत त्यातली तीन लक्षणं तुमच्यात सापडतात आणि साडेतीनच्या सुमाराला इन्शुरन्सचे पेपर नक्की कुठल्या कपाटात ठेवलेत ते आठवायला लागतं. पापणी आता आधीपेक्षा जोरात फडफडतेय, म्हणजे निदान बरोबर आहे.

यात लाजण्यासारखं काही नाही, या प्रकाराला सायबरकॉन्ड्रिया असं भारदस्त नाव आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी बघितलं की डोकेदुखी म्हणून सर्च केलं तर ब्रेन ट्यूमरचा उल्लेख जवळपास तितक्याच वेळा येतो जितक्या वेळा कॉफी सोडल्याने डोकं दुखण्याचा. आता खऱ्या आयुष्यात कॉफी सोडलेली माणसं किती आणि ट्यूमरवाली किती, हा हिशोब रात्री दोनला करायचा नसतो. गुगलने तर त्याच वर्षी लोकांच्या सर्चवरून फ्लूची साथ ओळखणारी यंत्रणा काढली होती, कल्पना खरंच हुशार होती, पण २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने फ्लूचे पेशंट सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट दाखवले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. बातम्या बघून धडधाकट लोकांनीच लक्षणं शोधत सुटणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणजे बघा, नुसता अंगठा फिरवून साथ आणायची ताकद तुमच्यात आहे.

सर्चचा कंटाळा आला असेल तर चॅटबॉटला विचारा. तो डॉक्टरांसारखा घड्याळाकडे बघत नाही, 'हे कुठे वाचलंत?' असं खवचटपणे विचारत नाही, उलट तुमचा प्रश्न फार छान आहे असं म्हणतो, गेल्या दहा वर्षात कुठला डॉक्टर म्हणाला होता असं? अमेरिकेतले एक ६० वर्षांचे गृहस्थ मिठातलं क्लोराईड जेवणातून काढायचं म्हणून चॅटबॉटचा सल्ला घेऊन मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला लागले, तीन महिने खाल्लं. मग शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय अशी तक्रार घेऊन हॉस्पिटलात पोचले. शेजारी निर्दोष होता. ब्रोमाइड अंगात साठून असा भ्रम होतो, हा शंभरेक वर्षांपूर्वी बऱ्यापैकी दिसणारा आणि मग जवळपास नाहीसा झालेला आजार, त्यांनी घरबसल्या परत आणला. २०२५ मध्ये ही केस वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आली. इतकं नाव साध्या सर्दीखोकल्याने होत नाही हो.

आता व्हिडिओ कन्सल्टेशन. दूर राहणाऱ्या, चालता न येणाऱ्या, नुसते रिपोर्ट दाखवायला दिवसभराचा प्रवास करणाऱ्या माणसांची याने मोठी सोय झालीय हे मान्य, पण तो विषय वेगळा, आपण आपल्यासारख्या हौशी लोकांबद्दल बोलतोय. कॅमेरा असा धरा की डॉक्टरांना तुमचं कपाळ आणि वरचा पंखा दिसला पाहिजे. पोट दुखत असेल तर ते म्हणतील उजव्या बाजूला खाली दाबून बघा, मग एका हाताने मोबाईल आणि एका हाताने पोट धरून तुम्हीच दाबायचं, तुम्हीच 'आई गं' म्हणायचं आणि ते नेमकं म्हणताना नेटवर्क गेलं की 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करत निम्मा वेळ संपवायचा. अंगावर पुरळ आलं असेल तर फोटो पाठवा. मी पाठवला होता. गालावर लाल चट्टे आले होते म्हणून चांगले सात फोटो काढले, सगळ्यात बरा आलेला पाठवला आणि डॉक्टरीणबाईंचा मेसेज आला की स्किन तर एकदम क्लिअर आहे, त्रास नक्की कुठेय? मोबाईलचा ब्युटी मोड चालू होता. चट्टे, त्यांच्या कडेची सूज, वर लहानपणी पडल्याची खूण, सगळं त्याने एका फटक्यात बरं केलं. इतका गुण मला आजवर कुठल्या मलमाने दिला नाही आणि खाज मात्र फोटोत येतच नाही म्हणा.

मनगटावर घड्याळ नसेल तर आधी ते घ्या. सकाळी उठल्यावर आपल्याला कसं वाटतंय हे स्वतःला विचारणं बंद करा, ॲप उघडून स्लीप स्कोअर बघा. छान ताजंतवानं वाटत असेल आणि स्कोअर ५८ आला तर लगेच जांभया द्यायला लागा. घड्याळ मेंदूच्या लहरी मोजत नाही, हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके बघून गाढ झोप किती त्याचा अंदाज बांधतं, पण आकडा समोर आला की त्याच्यापुढे कोणाचं चालतंय. चांगल्या स्कोअरच्या काळजीने झोप उडणाऱ्या लोकांसाठी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असा शब्दच काढावा लागला, त्यातले काही जण तर लॅबमध्ये तारा लावून केलेल्या टेस्टपेक्षा मनगटावरच्या पट्ट्यावर जास्त विश्वास ठेवत होते. मला याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही.

पावलं मात्र रोज १० हजार झालीच पाहिजेत. हा आकडा कुठून आला? कुठल्या वैद्यकीय परिषदेतून नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. २०१९ मध्ये वयस्क बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात साडेसात हजारांच्या पुढे आयुष्य वाढायचा फायदा फारसा वाढत नाही असं दिसलं, पण साडेसात हजारला घड्याळ थरथरत नाही आणि फटाके उडवत नाही, मग काय उपयोग. रात्री पावणेबाराला ९,६४० झाली असतील तर सोफ्यावर बसून हात हलवा, त्यालाही तेवढंच कळतं. छातीत दुखायला लागलं तरी आधी घड्याळात ईसीजी काढा. बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं की याला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, अनियमित ठोके तेवढे कधीकधी पकडतं. पण ते बारीक अक्षरात असतं आणि बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो.

एवढं सगळं स्वतःपुरतं ठेवणं स्वार्थीपणाचं आहे, तेव्हा फॅमिली ग्रुपवर टाका. 'शुगर सात दिवसात मुळापासून गायब' असा मेसेज आला की पाठवणाऱ्या काकांना 'काका, तुमची स्वतःची गेली का?' असं विचारायचं नाही, हात जोडलेली इमोजी टाकून पुढच्या चार ग्रुपवर ढकलायचं. ट्विटरवरच्या एक लाखाहून जास्त बातम्या तपासून २०१८ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, खरी बातमी १५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीपेक्षा सहापट वेळ लागतो आणि खोटी पसरवायचं काम मुख्यतः बॉटचं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या अकाउंटचं नाही, माणसांचं. म्हणजे तुमच्या काकांचं. १२ मुलांवरचा एक पेपर १९९८ मध्ये छापला, गोवराची लस आणि ऑटिझमचा संबंध जोडला, २०१० मध्ये जर्नलने तो मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढलं, आणि आमच्या ग्रुपवर तो परवा 'नुकतंच सिद्ध झालंय' म्हणून आला. रील बघायचीच असेल तर 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशी सुरू होणारी बघा. शेवटी रीलवाल्यांचंच चूर्ण निघतं, लिंक बायोत असते.

आणि एवढं करूनही पापणी थांबली नाही तर मग जा बाबा डॉक्टरांकडे. जाताना ४२ स्क्रीनशॉट घेऊन जा. ते तुमच्याकडे बघत नाहीत म्हणून रागावू नका, त्यांनाही सगळं कॉम्प्युटरमध्ये भरावं लागतं, २०१६ मध्ये अमेरिकेत ५७ डॉक्टरांचं काम शेजारी उभं राहून मोजलं तर पेशंटसोबतच्या एका तासामागे जवळपास दोन तास रेकॉर्ड आणि कागदपत्रांत जात होते. तेव्हा त्यांनी त्यांच्या स्क्रीनकडे बघावं, तुम्ही तुमच्या. मधेच ते मान वर करून विचारतील,

"झोप किती होते?"

"५८."

"तास विचारतोय."

मग टॉर्च मारून डोळा बघतील, हातपाय हलवायला लावतील, गुडघ्यावर हातोडी मारतील आणि म्हणतील काही नाही, रात्री मोबाईल लांब ठेवून आठवडाभर झोपा नीट, नाही थांबलं तर या. औषध नाही, एमआरआय नाही, स्क्रीनशॉट तर एकही बघितला नाही. बाहेर पडल्यापडल्या रिव्ह्यू टाका: 'पार्किंग नाही, एसी मंद, डॉक्टरांनी साधी एक टेस्टसुद्धा लिहून दिली नाही, आजकालचे डॉक्टर पेशंटचं ऐकूनच घेत नाहीत.' एक स्टार. आणि तो किती जणांना उपयोगी वाटला ते बघायला रात्री अडीचचा गजर लावून ठेवा.