‘ॲप टाका आणि विसरा’: घरखर्चाच्या ॲपबद्दलचे दावे आणि वस्तुस्थिती

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. खर्चाची वही फेकून द्या. अमुक एक फुकट ॲप घ्या, त्याला मेसेज वाचायची परवानगी द्या आणि विसरून जा. बँकेचे एसएमएस वाचून ते प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवतं, खर्चाची वर्गवारी स्वतःच करतं, तुमची माहिती बँकेइतकी सुरक्षित राहते, कायम फुकट आहे आणि बचत आपोआप होऊ लागते.

हे वाचून ॲप घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. खर्च नोंदवायची इच्छा होणं हीच मोठी गोष्ट आहे. ती इच्छा अर्धवट आकड्यांवर वाया जाऊ नये, म्हणून या मजकुरातलं एकेक विधान तपासून पाहू.

‘प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवतं’

ॲपला दिसतो तो फक्त बँकेचा मेसेज. मेसेज नाही, तर ॲपच्या लेखी खर्चच नाही. एटीएममधून पाच हजार काढले की ‘एटीएम, ५,०००’ अशी एक ओळ उमटते आणि विषय संपतो. त्या पैशांतून कामवाल्या मावशींचा पगार झाला, भाजी आली, इस्त्रीवाल्याचे दिले, भिशीचा हप्ता भरला, कुणाच्या मुंजीला आहेर केला, यातलं काहीही त्याला कळत नाही.

‘आता रोख कोण वापरतं, सगळं यूपीआयवर तर आहे,’ असं यावर ठरलेलं उत्तर येतं. पण तिथेही गळती आहे. एचडीएफसी बँकेने २५ जून २०२४ पासून १०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय खर्चाचे एसएमएस पाठवणं थांबवलं. ई-मेल मात्र चालू ठेवले. चहा, वडापाव, शेअर रिक्षा, कोथिंबिरीची जुडी हे सगळं त्याच मर्यादेच्या आत येतं. यूपीआय लाइट, म्हणजे किरकोळ खर्चासाठी यूपीआय ॲपमध्येच थोडी रक्कम काढून ठेवायची सोय, वापरत असाल तर आणखी पुढची गोष्ट. २०२२ मध्ये आलेल्या या सोयीमागचा एक हेतूच असा, की किरकोळ व्यवहारांनी बँकेचं पासबुक भरून जाऊ नये. लाइटमध्ये टाकलेली रक्कम खात्यात एकदाच दिसते. नंतर ती कुठे कुठे गेली, हे पाहायला त्या यूपीआय ॲपमधलीच यादी उघडावी लागते. आणि आयफोनवर तर हा उपाय मुळातच चालत नाही, कारण तिथे दुसऱ्या कुठल्या ॲपला एसएमएसचा इनबॉक्स वाचताच येत नाही.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मेसेज येतो खातेदाराच्या फोनवर. आपल्याकडे कितीतरी घरांत खातं एकाचं असतं आणि घर दुसरंच माणूस चालवतं. नवऱ्याच्या फोनमधल्या ॲपवर ‘पत्नीला पाठवले, १५,०००’ एवढंच येतं. त्या पंधरा हजारांत तिने महिना कसा बसवला, तेलाचा डबा या महिन्यात घेतला की पुढे ढकलला, सासऱ्यांची औषधं वाढल्यावर कशाला कात्री लावली, हा खरा घरखर्च. तो ॲपमध्ये कुठेच नाही. तयार होतो तो खात्याचा हिशेब, आणि रंगीत आलेख दाखवून त्यालाच घराचा हिशेब म्हटलं जातं. जिच्या हातून सगळ्यात जास्त वेळा पैसा खर्च होतो, तिचीच नोंद त्यात नाही. मला या सगळ्या मजकुरातली ही सर्वांत गंभीर चूक वाटते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा: रोखीचा खर्च हाताने, पटकन, मराठीत लिहिता येतो का? दुसरा: घरातली दोन माणसं आपापल्या फोनवरून एकाच हिशेबात नोंद करू शकतात का? या दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर एसएमएस वाचायची सोय नसली तरी मला चालेल.

‘वर्गवारी स्वतःच करतं’

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा क्यूआर कोड बहुधा मालकाच्या नावावर असतो. मेसेजमध्ये त्या गृहस्थांचं नाव येतं, नाहीतर अंकांनी भरलेला एखादा आयडी. हा किराणा आहे की मित्राचे उसने परत केले, हे ॲपने कसं ओळखायचं? ते अंदाज बांधतं. डीमार्टच्या एकाच बिलात तांदूळ, बादली आणि मुलाची चप्पल असेल, तर अंदाजालाही जागा उरत नाही.

चुकलेली वर्गवारी हाताने सुधारता येते. खरा घोळ होतो तो एकच खर्च दोनदा मोजला जातो तेव्हा. क्रेडिट कार्डाने २,००० रुपयांचे कपडे घेतले, मेसेज आला, नोंद झाली. पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरलं, पुन्हा मेसेज, पुन्हा २,००० खर्च. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळवले तर एकीकडे खर्च आणि दुसरीकडे उत्पन्न. एसआयपीचा हप्ता, नवी एफडी यांनाही खर्च धरलं जाऊ शकतं. परत आलेल्या सामानाचे पैसे कमाईत जाऊ शकतात. काही ॲप्स हे ओळखायचा प्रयत्न करतात आणि काही वेळा त्यांना ते जमतंही. पण जो माणूस ‘विसरून’ गेला आहे, त्याला कुठे जमलं आणि कुठे नाही हे समजणार कसं?

या बाबतीत मला ग्नूकॅश हे हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर आजही सर्वांत भरवशाचं वाटतं. १९९८ पासून ते वापरात आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे), संगणकावर चालतं, रुपयांत हिशेब ठेवतं. त्याची पद्धत दुहेरी नोंदीची: प्रत्येक रक्कम एका खात्यातून निघून दुसऱ्यात जायलाच हवी. त्यामुळे कार्डाचं बिल भरणं म्हणजे बचत खात्यातून कार्डाच्या खात्यात गेलेले पैसे. ते खर्चात दुसऱ्यांदा येत नाहीत. सुरुवातीला ते किचकट वाटतं, हे खरं. नावे आणि जमा यांची ज्यांना ओळख आहे, त्यांना मात्र ते लवकर जमतं. एवढं नको असेल तर निदान ज्यात खर्च, उत्पन्न आणि ‘आपल्याच खात्यांमधलं हस्तांतरण’ असे तीन वेगळे प्रकार आहेत, असंच ॲप घ्या.

‘बँकेइतकं सुरक्षित’

बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असते. नुसता खर्च नोंदवणाऱ्या ॲपला तसा कुठला परवाना लागत नाही. जाहिरातीत २५६ बिटांच्या एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याचा, उल्लेख असतो. त्याने वाटेत माहिती चोरीला जाण्यापासून वाचते. मुक्कामी पोहोचल्यावर कंपनी तिचं काय करते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

शिवाय एसएमएसची परवानगी फक्त बँकेच्या मेसेजपुरती देता येत नाही. अँड्रॉइडवर ती अख्ख्या इनबॉक्सची असते. ओटीपी, लॅबचा रिपोर्ट तयार झाल्याचा निरोप, हप्ता चुकल्याची सूचना, सगळं त्यात आलं. ही परवानगी एवढी मोठी आहे, म्हणूनच गूगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्ले स्टोअरवरच्या ॲप्ससाठी तिच्यावर निर्बंध जाहीर केले. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲप्सना अपवाद म्हणून ती मिळू शकते. तेव्हा ती मागणारं प्रत्येक ॲप लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण प्ले स्टोअरवर ‘डेटा सुरक्षितता’ या मथळ्याखाली जी माहिती दिसते, ती ॲप बनवणाऱ्याने स्वतः भरलेली असते. अनेकजण तिला गूगलचं प्रमाणपत्र समजतात. तसं ते नाही.

बँकेची माहिती आपोआप यायलाच हवी असेल, तर त्यासाठी चांगली वाट उपलब्ध आहे: अकाउंट ॲग्रिगेटर, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेकडे पोहोचवणारी व्यवस्था. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्याचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मोठ्या बँकांसह ही व्यवस्था सुरू झाली. यात कुठल्या खात्याची, किती काळाची माहिती, कशासाठी दिली जाते हे संमती देतानाच स्पष्ट दिसतं. संमती मागेही घेता येते. मधला ॲग्रिगेटर ती माहिती फक्त पोहोचवतो, त्याला ती उघडून वाचता येत नाही. आणि माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, विम्याची नियामक आयआरडीएआय किंवा पेन्शनची नियामक पीएफआरडीए यांच्यापैकी कुणाच्या तरी नियंत्रणाखाली असावीच लागते. जे ॲप नेट बँकिंगचा पासवर्ड मागेल, ते त्याच क्षणी काढून टाका.

‘कायम फुकट’

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना मिंट हे खर्चाचं ॲप आठवत असेल. २००७ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये इंट्युइट कंपनीने ते १७ कोटी डॉलरला घेतलं, आणि मार्च २०२४ मध्ये बंद झालं. वापरणाऱ्यांना कंपनीच्याच क्रेडिट कर्मा या दुसऱ्या सेवेकडे वळवण्यात आलं, पण मिंटमधली अंदाजपत्रकाची पूर्ण सोय तिथे नव्हती. मिंट फुकट होतं, कारण क्रेडिट कार्डं आणि कर्जं सुचवून त्याला पैसे मिळत.

आपल्याकडचं उदाहरण वॉलनटचं. एसएमएस वाचून खर्च मांडणारं हे ॲप लोकप्रिय झालं आणि २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने ते विकत घेतलं. पुढे ते ॲक्सिओ या नावाखाली गेलं. यात बेकायदा काहीच नाही. पण खर्चाचा हिशेब ठेवायला घेतलेलं ॲप एके दिवशी सावकारी करणाऱ्या कंपनीच्या हाती जातं, याचा विचार ‘परवानगी द्या’वर बोट ठेवण्याआधी व्हायला हवा.

पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअरही टिकेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली. फरक एवढाच, की ते वापरणाऱ्यांची नोंद त्यांच्याच संगणकावरच्या फाइलमध्ये होती. म्हणून किंमत किती यापेक्षा नोंद बाहेर काढता येते का, हे मी आधी पाहते. पाच-दहा नोंदी करा, सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) निर्यात करा, ती फाइल एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये उघडा. तारीख, रक्कम, वर्ग, तुम्ही लिहिलेली टीप, सगळं आलं का? देवनागरी अक्षरं धड दिसतात का? निर्यातीसाठी आधी वर्गणी भरा असं म्हणणारं ॲप मी घेणार नाही.

‘बचत आपोआप होते’

नोंद केल्याने खर्च कळतो; तो कमी करायचा की नाही, हे घरातल्यांनी बसूनच ठरवावं लागतं. त्यातही बहुतेक ॲप्स महिन्याच्या चौकटीत अडकलेली असतात. घराचा खर्च तसा चालत नाही. जूनमध्ये शाळेची फी, मध्येच विम्याचा हप्ता, मग गणपती, मग दिवाळी. सरकारचं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षणसुद्धा सगळ्याला एकच माप लावत नाही. भाजी, फळं, तेल, अंडी यांची चौकशी गेल्या ७ दिवसांची, धान्य आणि इंधन यांची ३० दिवसांची, आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांची ३६५ दिवसांची होते. सॉफ्टवेअरमध्येही हे जमायला हवं. वर्षाचा २४,००० रुपयांचा हप्ता दरमहा २,००० बाजूला ठेवून दाखवता येत नसेल, तर अकरा महिने शिल्लक फुगलेली दिसेल.

‘वही फेकून द्या’

वहीत सगळं नीट चाललं असेल तर ॲपची गरजच नाही. बदल करायचाच असेल तर दोन महिने दोन्ही चालू ठेवा. महिनाअखेरीस ॲपमधली शिल्लक बँकेच्या शिल्लकेशी आणि पाकिटातल्या, डब्यातल्या रोख रकमेशी ताडून पाहा. फरक आला तर तो कुठल्या नोंदीत आहे हे वही सांगेल. जुळत गेलं, तर गेल्या वर्षभरातली फी, हप्ते, सणांचा आणि औषधांचा खर्च वहीतून काढून नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. पुढच्या वर्षाचा अंदाज त्याच आकड्यांवरून करायचा आहे, आणि त्यातला रोखीने झालेला भाग फोनमधल्या कुठल्याच मेसेजमध्ये मिळणार नाही.