पाणी, चर्च आणि आमचे साडू

गेल्या रविवारी फॅमिली ग्रुपवर साडूंचा फॉरवर्ड. आफ्रिकेतल्या झोपडपट्ट्यांत मिशनरी पाण्याचे नळ देतात आणि बदल्यात लोकांना बाटवतात म्हणे. मी अकरा वर्षं नैरोबीत, म्हणून लगेच मला टॅग. अहो, २०१९ च्या जनगणनेत केनियात शंभरातले पंच्याऐंशी ख्रिश्चनच निघाले, मग बाटवणार कोणाला, एकमेकांना?

आमची फॅक्टरी इंडस्ट्रियल एरियात, मागच्या भिंतीपलीकडे मुकुरू झोपडपट्टी. आयरिश नन्स तिथे १९८५ पासून काम करतायत, शाळा वगैरे. पाण्याचं म्हणाल तर दलाल मेन लाईनला टॅप मारून बारीक प्लास्टिकच्या नळ्या ओढतात, त्या चक्क गटारातून जातात, आणि सप्लाय बंद झाला की नळीतलं प्रेशर जातं आणि फुटक्या जॉइंटमधून गटारच आत ओढलं जातं, मग कॉलरा येतो तेव्हा सगळ्यांना आश्चर्य. वीस लिटरचा जेरीकॅन पाच शिलिंगला, टंचाईत वीसलाही. म्हणजे हजार लिटरला कमीत कमी अडीचशे. मला पार्कलँड्समधे घरी मीटरवर ह्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, वर बिल्डिंगची बोअर आहेच.

मुकुरूत एका चर्चने टाकी आणि चार नळ बसवलेत. फुकट नाही, कॅनला तीन शिलिंग, नळावर बसणाऱ्या बाईचा पगार नि दुरुस्ती त्यातूनच निघते. हे लिहिलं तर साडू म्हणतात, मग धंदाच की! फुकट दिलं तर बाटवणं, पैसे घेतले तर धंदा. आणि तुमच्या चौकातल्या पाणपोईवर माठापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो त्याला काय म्हणायचं? १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपलीच माणसं पाणी प्यायली तर आपणच पंचगव्य ओतून तळं "शुद्ध" करून घेतलं, ते काय मिशनऱ्यांनी शिकवलं होतं?

हे पाणपोईचं नि महाडचं टाइप केलं पण पाठवलं नाही. बायको म्हणाली, राहू दे, दिवाळीत त्यांच्याकडेच उतरायचंय.

चर्चचं सगळं गोड आहे असंही नाही, रविवारी प्रार्थना चालू असेपर्यंत नळ बंद ठेवतात, ते मला पटत नाही. म्हणून पॅकिंगमधल्या एका बाईंना विचारलं, तुम्हाला पाण्यासाठी प्रार्थना करायला लावतात का? त्या खूप हसल्या. म्हणाल्या, बॉस, रांगेत सगळे आपोआपच करतात, आपला नंबर येईपर्यंत टाकी संपू नये म्हणून.

मग म्हणाल्या, तुमचा नळ होता तेव्हा बरं होतं.

आमच्या गेटजवळ नळ होता. शिफ्ट सुटली की बायका तेलाचे पिवळे डबे भरून न्यायच्या. बिल वाढलं, वरून विचारणा झाली आणि मी नळाला कुलूप लावायला सांगितलं, असकरीला, म्हणजे वॉचमनला, चावीसुद्धा ठेवू दिली नाही. मी लातूरचा. टँकर आला की आई मला घागरीजवळ उभं करून दुसरी आणायला पळायची, आणि कोणी मधे घुसलं तर मी रडून गोंधळ घालायचो. पण इथे मी मुहिंदी, म्हणजे इंडियन, मॅनेजर, त्यात तो पोरगा कुठे बसवायचा ते मला कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही.

साडूंचा काल परत मेसेज, "काय मग, गप्प का?"