दुपारी बारा वाजता ट्यूबलाईट

परवा मावशीकडे गेलेले. तिचं घर रेल्वेच्या रुंदीकरणात गेलं तेव्हा त्यांना पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर २२५ स्क्वेअर फुटांची खोली मिळाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. बाहेर मे महिन्याचं कडक ऊन आणि घरात दुपारी बारा वाजता ट्यूबलाईट चालू. माझा मावसभाऊ पलंगावर पडलेला, त्याला दुसऱ्यांदा टीबी झालाय. वय वर्षं २४.

तेवढ्यात आरोग्यसेविका आली, गोळ्या घेतोस ना, वजन वाढलं का वगैरे विचारलं, वहीत लिहिलं आणि जाताना मावशीला म्हणाली, ताई, खिडकी उघडी ठेवत जा, हवा खेळती पाहिजे. मावशी काही बोलली नाही, उठली आणि खिडकीचं दार ढकलून उघडलं. समोर हात लांब केला तर जवळजवळ पलीकडच्या बिल्डिंगची भिंत, खाली वरच्या सगळ्या मजल्यांवरून पडलेला कचरा, फुटलेल्या पाईपचं ठिबकणारं पाणी, आणि असा भपकारा आला की भावाने उशीत तोंड खुपसलं. मावशीने खिडकी लावली, कडीला सुतळी बांधली. सेविका शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते, तिच्या घरचीही खिडकी अशीच आहे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मी आर्किटेक्ट आहे. बारा वर्षं सॅन्क्शनची, म्हणजे महापालिकेच्या मंजुरीसाठीची, ड्रॉइंग काढतेय. दोन बिल्डिंगमधल्या त्या अंतरावर "३.०० मी." असं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, एकदा नाही, कितीदा तरी, कारण पुनर्वसन योजनांना ओपन स्पेसमध्ये, म्हणजे बिल्डिंगभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, सूट असते आणि सूट असली की ती पुरेपूर वापरायची हे ऑफिसात पहिल्या दिवशी शिकवतात. हे लिहिताना मला खूप अपराधी वाटतंय, आणि ते वाटायलाच पाहिजे.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या तीन वसाहतींचा, लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजीपी कॉलनी, यांचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईची मंडळी यांनी मिळून केला, चार हजारांवर घरं फिरून. पहिल्या दोन वसाहतींत बिल्डिंग एकमेकींना चिकटल्यासारख्या, मध्ये जेमतेम तीन मीटर, तिसरी त्या मानाने मोकळी. टीबीचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी तिसरीच्या कितीतरी पट निघालं, आणि खालच्या मजल्यांवर त्रास जास्त. माणसं तशीच, गरिबी तशीच, वॉर्डही तोच. हे कळलं कारण डॉक्टर आणि बिल्डिंगच्या हवा-उजेडाचा हिशोब करणारे लोक एकाच टेबलावर बसले. एकट्या डॉक्टरला पेशंट दिसतो आणि एकट्या आर्किटेक्टला प्लॅन, पेशंट कुठल्या खिडकीमागे झोपतो हे दोघांना मिळूनच दिसतं.

बरं ही काही नवीन गोष्ट नाहीये, याच मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे), आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. प्रिन्सेस स्ट्रीट, सॅन्डहर्स्ट रोड हे रस्ते समुद्राची हवा दाटीवाटीच्या वस्तीत आत शिरावी म्हणून कापले. त्यात गरिबांची घरंही बेफाम पाडली आणि सगळ्यांना बदल्यात घर मिळालं नाही, ते वाईटच झालं, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्याच ट्रस्टच्या ऑर नावाच्या साहेबाने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. म्हणजे खालच्या खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या बिल्डिंगच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती ६३.५ अंशांपेक्षा जास्त उभी नको. सोप्या भाषेत, बिल्डिंग जितकी उंच त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी. मावशीच्या बिल्डिंगची उंची धरा साधारण २२ मीटर, त्या नियमाने समोर ११ मीटर हवे होते. आहेत ३. मी घरी येऊन कोन काढला, ८२ अंश निघाला. ऊन खाली पोचणार कुठून?

टीबीचा जंतू हवेत तासन्‌तास तरंगतो, ऊन लागलं की मरतो, वारा असला की पातळ होतो. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला माहीत असतं. डीसी रुल, म्हणजे शहराचे बांधकामाचे नियम, लिहिणाऱ्या खोलीत मात्र ती मुलगी नसते.

अजून एक गोष्ट जी मला रात्रभर झोपू देत नाहीये. मुंबईत बिल्डिंग बांधताना पाण्याच्या टाकीचं झाकण डास जाणार नाही असं घट्ट आहे का, टाकीपर्यंत शिडी आहे का, यासाठी महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची एनओसी लागते. या गोष्टीचा उगम १९११ च्या बेंटलींच्या मलेरिया रिपोर्टपर्यंत जातो, विहिरी आणि टाक्यांमधून शहरात मलेरिया पसरतोय हे त्यांनी दाखवलं होतं. म्हणजे आरोग्य खात्याचा माणूस प्लॅनवर सही करू शकतो, करतोच आहे, आणि ते चांगलंच आहे. मग खोलीत हवा तासाला किती वेळा बदलते, तळमजल्यावर ऊन किती वेळ येतं, याचा हिशोब वॉर्डच्या टीबी अधिकाऱ्याने तपासायला काय हरकत आहे? फायर ब्रिगेड जिन्याची रुंदी बघतं तेव्हा कोणी म्हणत नाही की प्रोजेक्ट रखडला.

जागा महाग आहे, अंतर वाढवलं तर घरं कमी होतील, लोक झोपडीतच राहतील, हे उत्तर मला तोंडपाठ आहे, मीही दिलंय. पण मग माझ्या भावाचे सहा-सहा महिने दोनदा गेले, रोजगार गेला, मावशीने कानातलं मोडलं, सरकार त्याच्या खुराकाला महिन्याला १००० रुपये देतंय, तो खर्च कोणाच्या खात्यात लिहायचा? प्रोजेक्टच्या खर्चात तो कुठेच नाही, म्हणून घर स्वस्त दिसतं. पटरीला होतो तेव्हा ऊन तरी यायचं गं, असं मावशी म्हणाली, आणि पक्क्या घराबद्दल असं ऐकावं लागणं ही आमच्या धंद्याची शरम आहे.

मागच्या आठवड्यात एका टीबी दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटले, सोबत अशाच एका बिल्डिंगचं सेक्शन ड्रॉइंग (बिल्डिंग उभी कापल्यासारखी दाखवणारं) नेलेलं. पंधरा वर्षं याच भागात काम करतायत, सेक्शन पहिल्यांदाच बघत होते. मला विचारलं, हे तीन म्हणजे फूट की मीटर? मी सांगितलं मीटर. मग बराच वेळ गप्प बसले आणि पेन घेऊन खालच्या तीन मजल्यांवर आडवी रेघ मारली, म्हणाले, माझे पेशंट बहुतेक या रेघेच्या खालचे असतात, मला वाटायचं हा माझा भास आहे.

त्यांच्यासोबत बसून एक पत्र लिहितोय, नियमांमध्ये बदल होताना हरकती-सूचना मागवतात तेव्हा द्यायला. तोवर मावशीच्या बिल्डिंगमधली ती गल्ली साफ करून वरून जाळी मारायची आणि पॅसेजच्या टोकाची बंद केलेली जाळी उघडायची, एवढं सोसायटीने मान्य केलंय, म्हणजे किमान खिडकीची सुतळी सोडता येईल. इथे कोणी डॉक्टर, सिस्टर, आशाताई असतील आणि आपल्या भागातल्या बिल्डिंगचा प्लॅन समजून घ्यायचा असेल तर मेसेज करा. शनिवार-रविवार मी मोकळी आहे, ड्रॉइंग कसं वाचायचं ते मी दाखवते, तुम्ही मला पेशंट कुठल्या मजल्यावर जास्त आहेत ते सांगा, नावं नकोत.