मानेवरचा शिक्का आणि खोबरेल : एक खुलासा

मराठवाड्यातील जुन्या वस्तूंच्या संग्राहकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे : चावीच्या वाजत्या बाहुलीच्या मानेवर पॅरिसच्या ‘झ्युमो’ या बाहुली-कारखान्याचा शिक्का असेल तर ती संपूर्ण त्याच कारखान्याची, आणि अडकली असेल तर खोबरेल सोडून चावी द्यावी. दोन्ही विधाने चुकीची आहेत. झ्युमोची बिस्क (चकाकी न दिलेल्या) पोर्सेलिनची डोकी पॅरिसचेच लांबेर यांच्यासारखे यंत्रबाहुल्यांचे निर्माते वापरत असत, त्यामुळे त्या शिक्क्यावरून फक्त डोक्याचा कारखाना कळतो. यंत्राच्या निर्मात्याची खूण चावीवर पाहावी, अर्थात चावी मूळचीच असेल तर.

तेलाचा सल्ला मात्र घातकच आहे. खोबरेल परभणीच्या थंडीत थिजते, दातांनी सूर काढणाऱ्या पोलादी फणीवर चढले की सूर दबतात, आणि वेग आवरणारा पंखा निकामी असताना स्प्रिंग सुटली तर ती फणी छेडणारे नळकांडे सुसाट फिरून त्यावरच्या बारीक पिना व फणीचे दात क्षणात मोडतात. अडकलेल्या बाहुलीला चावी देऊ नये. आधी जाणत्या घड्याळजीकडून स्प्रिंगचा ताण उतरवून घ्यावा.